शिक्षकाची पारख

शास्त्रपाठ : याकोब ३:१, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, योहान २१:१५-१७



जून महिना जवळ आला, कौलांवर पहिल्या सरी पडू लागल्या, की आपल्या घराघरांतून एक विचार सुरू होतो : दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी पुढे कोणता मार्ग धरावा? वसईच्या वाड्यांत, विरारच्या चाळींत आणि डहाणू-पालघराकडील पाड्यांवरही हाच प्रश्न असतो. पुष्कळ घरी त्याचे उत्तर असे मिळते, की शिक्षकी पेशा बरा; मानाचा आहे, पगार वेळेवर मिळतो, आणि आपल्या लोकांत तो पूर्वीपासून चालत आला आहे. ही इच्छा वाईट नाही. जी मंडळी आपली मुले ज्ञानाच्या सेवेस देऊ इच्छिते तिच्यावर प्रभूची कृपाच आहे.

परंतु ह्या दाराशी याकोब उभा आहे, आणि तो आपणांस क्षणभर थांबवितो. आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो बंधुजनांस विनवितो, की तुम्हांपैकी पुष्कळांनी शिक्षक होण्याची घाई करू नये. कारण जे शिकवितात त्यांचा न्याय इतरांपेक्षा अधिक कडक रीतीने होणार आहे. ह्या ठिकाणी तो स्वतःस वगळीत नाही, हे ध्यानात घ्या. तो स्वतः शिक्षक आहे, आणि त्या कडक न्यायाखाली तो स्वतःलाही उभे करितो. शिकविणे हलके काम आहे असे त्याचे म्हणणे नाही. ते इतके भारी आहे की तोलून पाहिल्यावाचून कोणी ते खांद्यावर घेऊ नये, असे त्याचे म्हणणे आहे. चांभाराने जोडा बिघडविला तर दुसरा शिवता येतो. शिक्षकाने मूल बिघडविले तर त्या मुलाचे ते वर्ष पुन्हा येत नाही.

म्हणून आज आपण तीन गोष्टींचा विचार करू : जो शिकविणार त्याची तयारी कशी व्हावी, त्याची पारख कोणत्या रीतीने व्हावी, आणि ज्या काट्यावर त्यास तोलावयाचे तो काटा कसा असावा. शेवटी प्रभूने स्वतः एका होणाऱ्या शिक्षकाची परीक्षा कशी घेतली, तेही पाहू.

पहिली गोष्ट : जो शिकविणार त्याने आधी शिकले पाहिजे.

विद्वान मनुष्य आपोआप चांगला शिक्षक होतो, असा समज फार जुना आहे. तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील हाले विद्यापीठाचे प्राध्यापक ऑगस्ट हेर्मान फ्रांके ह्यांनी तो मोडून काढिला. १६९५ साली त्यांनी गोरगरीब मुलांसाठी शाळा उघडिली. तिच्याभोवती लवकरच अनाथालय व आणखी शाळा उभ्या राहिल्या. शिक्षक कोठून आणावे? विद्यापीठात शिकणारे गरीब विद्यार्थी त्यांच्यासमोर होतेच. त्यांनी त्या विद्यार्थ्यांस जेवण द्यावे, आणि विद्यार्थ्यांनी रोज काही तास त्या शाळांतून शिकवावे, असा बेत ठरला. परंतु त्यांस नुसते वर्गात ढकलून दिले नाही. त्यांच्यावर अनुभवी मनुष्यांची देखरेख होती, आणि पुढे निवडक विद्यार्थ्यांसाठी खास शिक्षणवर्गही काढिला. एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या छायेत, शिकता शिकता शिकविणे आणि शिकविता शिकविता तपासले जाणे, ही रीत अशी रुजली.

त्याच हालेचे शिक्षण घेतलेले बार्थोलोमेव झीगेनबाल्ग १७०६ साली तमिळ देशाच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे उतरले. त्यांनी प्रथम काय केले? एका गावठी पंतोजीस त्याच्या मुलांसह आपल्या जागी बोलाविले, आणि स्वतः त्या लहान मुलांच्या रांगेत बसून वाळूवर बोटाने अक्षरे गिरविली. आपल्या आजोबांनी धूळपाटीवर जशी गिरविली तशीच. विद्यापीठ पाहून आलेला हा मनुष्य शिकविण्यापूर्वी मुलांच्या पंक्तीस बसला. शिक्षकाच्या तयारीचा पहिला धडा हाच होय.

दूर जावयास नको, वसईच्या मातीतही ह्याचा दाखला आहे. आपले रोमन कॅथोलिक शेजारी ज्यास संत मानतात तो गोन्सालो गार्सिया वसईचाच. किल्ल्यातील जेझुइट लोकांच्या हाताखाली तो शिकला. तारुण्यात जपानास जाऊन त्याने तेथील भाषा अशी आत्मसात केली, की त्यास उपदेशकाचे काम सोपविण्यात आले, आणि पुढे फ्रान्सिस्कन मंडळींसाठी तो दुभाष्या झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यास क्रूसावर मारण्यात आले. आपण संतांची प्रार्थना करीत नाही. तरी ज्यांस शिकवावयाचे त्यांची बोली आधी आपल्या जिभेवर आणावी, हा त्याचा कित्ता आपल्या उपदेशकांनी गिरविण्याजोगा आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. मिस सिंथिया फरार ह्या अमेरिकन मराठी मिशनच्या बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि १८३९ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवून इतिहास घडविणाऱ्या सावित्रीबाई फुले ह्यांनी अध्यापनाचे शिक्षण नगरास मिस फरार ह्यांच्यापाशी व पुण्यास मिसेस मिचेल ह्यांच्या नॉर्मल स्कुलात घेतले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करितात. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. ती अटही त्यांस कोणी घातली नाही. शाळेच्या वाटेवर लोकांनी अंगावर फेकलेले शेण आणि चिखल झेलून त्या वर्गात उभ्या राहिल्या. एवढे धैर्य परमेश्वर देतो. पण वर्गात उभे राहिल्यावर फळ्यापाशी काय करावे हे शिकावे लागते, आणि ते त्यांनी शिकून घेतले होते.

आजही आपल्या राज्यात हे काम चालू आहे. ॲडव्हेंटिस्ट मंडळीचे स्पायसर महाविद्यालय १९१५ साली कोइमतूर येथे आरंभिले गेले, पुढे पुण्यास आले, आणि २०१४ साली महाराष्ट्र शासनाच्या कायद्याने त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा संस्थांकडे आपण आशेने पाहतो. परंतु एक गोष्ट विसरू नये. दारावर क्रूस आहे आणि सकाळी प्रार्थना होते, एवढ्याने कोणत्याही संस्थेतील शिक्षकांची तयारी ख्रिस्ती होत नाही. तेथील होणाऱ्या शिक्षकांस कोणत्या रीतीने पारखितात, त्यावरून ती ख्रिस्ती आहे की नाही हे कळते.

दुसरी गोष्ट : पारख प्रीतीने व्हावी, आणि खरी व्हावी.

प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात अपुल्लोसाची हकीकत आहे. तो अलेक्सांद्रियाचा, मोठा वक्ता, शास्त्रांत प्रवीण. इफिसच्या सभास्थानात तो उत्साहाने शिकवू लागला. जे शिकवी ते चुकीचे नव्हते. पण अपुरे होते, कारण त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. श्रोत्यांत अक्विला व प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारे जोडपे होते. त्यांनी काय करावे? भरसभेत उठून त्याची चूक दाखवावी? की मोठ्या विद्वानास आपण काय सांगणार, म्हणून गप्प बसावे? त्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी त्यास आपल्याकडे नेले, आणि देवाचा मार्ग अधिक नीट रीतीने समजावून दिला. त्यानंतर तो अखया प्रांतात जाऊ इच्छीत होता, तेव्हा बंधुजनांनी त्यास उत्तेजन देऊन पत्रे लिहिली, आणि तेथे तो फार उपयोगी पडला.

ह्या वचनांत शिक्षकाच्या पारखेचे सर्व शास्त्र आहे. आधी त्याचे शिकविणे ऐकले. मग त्यास एकांतात नेले. उणीव झाकली नाही, तशी चव्हाट्यावरही मांडिली नाही. आणि सुधारल्यावर त्याच्यासाठी शिफारसपत्र दिले.

ह्या ठिकाणी माझ्या स्वतःच्या फजितीची एक गोष्ट सांगतो. पाळकाचे काम पत्करण्यापूर्वी मी शिक्षक होण्यासाठी शिकत होतो. सराव पाठांसाठी आम्हांस वसईच्या खाडीकडील एका लहानशा शाळेत पाठविले होते. सभोवती मिठागरे होती, आणि वर्गातील पुष्कळ मुले मिठागरांत राबणाऱ्या आईबापांची होती. मला चौथीच्या वर्गास मिठावर पाठ द्यावयाचा होता. दोन रात्री जागून मी पाठाचे टाचण लिहिले, रंगीत तक्ता काढिला, आणि कोणता प्रश्न कोणत्या मिनिटास विचारावयाचा हेही ठरवून ठेविले. मागच्या बाकावर आमचे वृद्ध अध्यापक निरीक्षणाची वही घेऊन बसले होते.

मी सांगितले, की समुद्राचे पाणी वाफ्यात घेऊन उन्हात राहू दिले म्हणजे पाणी उडून जाते व मीठ उरते. तोच पुढच्या रांगेतील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, तसं नाही होत. भरतीचं पाणी आधी मोठ्या वाफ्यात घेतात. मग ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवतात. पाणी जड झालं की मगच मीठ धरतं. पहिल्या दिवशीच्या पाण्याचं काही होत नाही."

मी घड्याळाकडे पाहिले. तिला म्हणालो, "खाली बस, ते पुढे येईल." पुढे ते आले नाही, कारण माझ्या टाचणात ते नव्हतेच. पाठ संपेपर्यंत त्या मुलीने मान वर केली नाही.

पाठ वेळेवर संपला आणि मी मनात खूष झालो. अध्यापक वर्गात चकार शब्द बोलले नाहीत. सायंकाळी त्यांनी मला घरी बोलाविले. त्यांच्या पत्नीने चहा दिला, गरम भाकरी वाढली. माझे खाणे झाल्यावर त्यांनी विचारले, "त्या मुलीचे नाव काय?"

मला ठाऊक नव्हते.

"तिचा बाप काय करितो?"

"मिठागरात असेल."

"म्हणजे मिठाचे जाणते असे माणूस वर्गात एकच होते, आणि तुम्ही त्यास खाली बसविले."

मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेविली. टाचण उत्तम, फळ्यावरील लेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट, असे सर्व प्रामाणिकपणे लिहिले होते. खाली एक ओळ होती : पाठ पूर्ण झाला, शिकणे झाले नाही, हा पाठ पुन्हा घ्यावा. मी रागावलो. शेजारच्या वर्गातील माझ्या सोबत्याने याहून कच्चा पाठ दिला होता आणि त्यास चांगले गुण मिळाले होते. मी तसे बोलूनही दाखविले. ते शांतपणे म्हणाले, "मी तुम्हांस गुण दिले तर ते तुमच्या वहीत राहतील. तुम्ही पुन्हा पाठ घेतला तर तो त्या मुलीपाशी राहील."

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या वर्गात गेलो. प्रथम तिचे नाव विचारिले, तिला फळ्यापाशी बोलाविले आणि खडू तिच्या हाती दिला. तिने बांध काढिले, वाफे काढिले, भरतीचे पाणी कोठून घेतात आणि कोठे जाते ते रेघेने दाखविले. इतर मुले तिच्या चुका दाखवू लागली, वाद माजला, आणि त्या गडबडीत वर्गास मीठ कळले. मलाही कळले. त्या संध्याकाळच्या भाकरीबद्दल मी आजवर देवाचे आभार मानितो. मजला त्यांनी नापास केले नाही. आणि खोटेच उत्तीर्ण करून मुलांवर सोडूनही दिले नाही.

बंधूंनो, त्या मुलीने मिठाविषयी जे सांगितले ते शिक्षकाविषयीही खरे आहे. पहिल्या दिवशीच्या पाण्यास मीठ धरीत नाही. आज शासनाच्या नियमांप्रमाणे बी.एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि २०१४ च्या नियमांपासून त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळांतून काढावे लागतात : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे आठवडे म्हणजे मिठागराचे वाफे आहेत. टाचण लिहिणे, सोबत्याच्या पाठाचे निरीक्षण करणे, आपला पाठ देणे, बोलणी ऐकणे, पुन्हा देणे, असे ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात गेल्यावाचून पाणी जड होत नाही. जो विद्यार्थी पाठ न देताच वहीवर सही मागतो, आणि जो निरीक्षक पाठ न पाहताच सही देतो, ते दोघे मिळून मुलांपुढे खारे पाणी ठेवितात व त्यास मीठ म्हणतात. मिठाचा खारटपणा गेला तर त्याचे काय होते, हे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितलेले आपणांस ठाऊक आहेच.

तिसरी गोष्ट : काटा खरा असावा.

नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचा आरंभच खोट्या तागडीपासून होतो. परमेश्वरास तिचा वीट येतो, आणि पुरे वजन त्यास आवडते. वसईच्या बाजारात केळी, भाजी, मासळी विकणाऱ्या आपल्या बहिणींस ह्या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परंतु काटा केवळ बाजारात नसतो. परीक्षेच्या खोलीतही असतो.

काटा दोन रीतींनी बिघडतो. एक रीत अशी, की काटा प्रामाणिक असतो, पण चुकीची वस्तू तोलतो. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांस निकालावर पैसे देण्याची पद्धत होती. दिपोटीसाहेब गावात येत, मुलांस उभे करून वाचन, लेखन, हिशेब विचारीत, आणि जितकी मुले उत्तीर्ण होत तितके अनुदान शाळेस मिळे. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैसा वाया जाऊ नये एवढाच होता. पण परिणाम काय झाला? दिपोटीसाहेब जे विचारीत तेच शिक्षक शिकवू लागले. मुले घोकू लागली. मंद मूल म्हणजे शाळेचे नुकसान, असे वाटू लागले. जे काट्यावर ठेवता येत नव्हते, म्हणजे मुलाची जिज्ञासा, त्याचा सच्चेपणा, शेजाऱ्याविषयीची माया, ते हळूहळू वर्गातून बाहेर गेले.

दुसरी रीत अधिक वाईट : काटाच विकला जातो. शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून घेतली जाते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. १९ डिसेंबरच्या आसपासच्या त्या २०२१ सालातील बातम्या तुम्हांस आठवत असतील. त्या महिन्यात ह्या परीक्षेतील गैरव्यवहाराच्या आरोपावरून परीक्षा घेणाऱ्या खात्यातीलच वरिष्ठ अधिकाऱ्यास पोलिसांनी अटक केली, आणि २०२२ साली सात हजारांहून अधिक उमेदवारांवर अपात्रतेची कारवाई झाली. ती बातमी वाचून आपण हळहळलो, अधिकाऱ्यांस दोष दिला. परंतु स्वतःस विचारा : पैसे घेणारा होता, तसा देणारा कोण होता? तो कोणा शेतकऱ्याचा मुलगा होता. कोणा आईने त्यासाठी गळ्यातले काढून दिले असेल, कोणा बापाने वाडी गहाण टाकिली असेल. आणि त्यांस वाटले असेल की आपण लेकराचे भले करीत आहो.

आईबापांनो, मी तुम्हांस प्रभूच्या नावाने विनवितो : असा दलाल तुमच्या अंगणात आला तर त्यास पाण्याचा पेला द्या व वाटेला लावा. विकत घेतलेल्या प्रमाणपत्रावर तुमचा मुलगा पस्तीस वर्षे वर्गात उभा राहील, आणि रोज सकाळी मुलांस खरे बोला म्हणून सांगेल. तो कडक न्याय, ज्याविषयी याकोब लिहितो, त्यास शेवटल्या दिवसापर्यंत थांबावे लागणार नाही. तो रोज हजेरी घेताना त्याच्या मनात होईल.

ह्याच परीक्षेविषयी आज दुसरीही एक काळजी आपल्या घरांत शिरली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सेवेत असलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी. अल्पसंख्यांच्या शाळांस हा नियम लागावा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. वीस-पंचवीस वर्षे शिकविलेले, पन्नाशीकडे झुकलेले शिक्षक त्यानंतर पुन्हा पुस्तके उघडून बसले. त्यांचे मन दुखावले असल्यास नवल नाही. त्यांस मी एवढेच सांगेन : परीक्षेस बसणे हा अपमान नव्हे. जो रोज मुलांस परीक्षेस बसवितो, त्याने एकदा त्यांच्या बाकावर बसून पाहावे. तेथली धडधड आठवली म्हणजे उत्तरपत्रिका तपासताना हात मऊ होतो. आणि मंडळीने त्यांची थट्टा करू नये. तरुण मुलांनी संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून त्यांस गणिताची व नव्या पद्धतीच्या प्रश्नांची मदत करावी. काल त्यांनी तुम्हांस शिकविले. आज तुम्ही अक्विला व प्रिस्किल्ला व्हा.

जे तोलतात त्यांनी बेलशस्सर राजाची रात्र विसरू नये. मेजवानी चालली असता भिंतीवर अक्षरे उमटली, आणि दानिएलाने त्यांचा अर्थ सांगितला, की राजा तागडीत तोलला गेला आणि उणा भरला. जो इतरांस तोलीत असे तोच तोलला गेला. परीक्षकांनो, निरीक्षकांनो, संस्थाचालकांनो, तोलणाऱ्यासही तोलणारा एक आहे.

आता शेवटची परीक्षा पाहू. ती प्रभूने घेतली.

तिबेर्याच्या समुद्राचा किनारा आहे. पहाट झाली आहे. रात्रभर जाळी टाकून दमलेले कोळी होडी किनाऱ्यास लावितात. अर्नाळ्यास वा नायगावास ज्यांनी अशी पहाट पाहिली आहे त्यांस हे चित्र परके नाही. काठावर कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. प्रभु त्यांस आधी खाऊ घालितो. परीक्षा पेत्राची व्हावयाची आहे, आणि परीक्षक स्वतः न्याहारी रांधीत आहे! भुकेल्या मनुष्याची परीक्षा घेऊ नये, हे तो जाणतो.

मग तो विचारितो. अशाच एका विस्तवापाशी पेत्राने तीन वेळा त्यास नाकारिले होते. आता तीनच वेळा त्यास एक प्रश्न येतो, त्याच्या प्रीतीविषयी. प्रभु त्यास शास्त्रातील कठीण वचन विचारीत नाही. त्याच्या जुन्या चुकीची यादीही वाचीत नाही. पण त्यास सोडूनही देत नाही. तिसऱ्यांदा विचारिल्यावर पेत्र दुःखी झाला, असे योहान लिहितो. खरी पारख थोडी दुखतेच. आणि प्रत्येक उत्तरानंतर प्रभु त्यास काम सोपवितो. पाहा, आरंभ तो कोकरांपासून करितो. मोठी मेंढरे मागून; लहान कोकरे आधी. ज्याच्या हाती पहिलीच्या वर्गातील मुले सोपविता येत नाहीत, त्याच्या हाती मंडळी सोपविता येत नाही.

कोकरांस चारणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीची आठवण करावी. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडास गेले. आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणी गुरे राखी. ह्या बायांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरविली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची शैक्षणिक साधने. आणि गावातील बायांस हे काम शिकवून त्यांनी पुष्कळ बालसेविका तयार केल्या. ह्या दोघी आपल्या मंडळीच्या नव्हत्या. पण प्रभूने शेजाऱ्याचा दाखला देताना याजक व लेवी ह्यांस बाजूस ठेवून शोमरोनी मनुष्य पुढे केला, तो कशासाठी, हे आपण जाणतो. आपल्या ख्रिस्ती संस्थांतून प्रमाणपत्र घेऊन निघालेला किती मुलांच्या अंगणात गेला, हा प्रश्न कोसबाडची टेकडी आपणांस विचारते.

तर मग आपण काय करावे?

तरुणांनो, शिक्षक होण्याची इच्छा असेल तर अर्ज भरण्यापूर्वी एक महिना आपल्या पाड्यावरील चार मुलांस रोज संध्याकाळी घेऊन बसा. महिन्यानंतरही त्यांची नावे, त्यांच्या आईबापांची कामे आणि त्यांच्या घरची बोली तुम्हांस गोड वाटत असेल, तर जा. प्रभूने तुम्हांस बोलाविले आहे. कंटाळा आला असेल तर लाज नाही. दुसरी पुष्कळ प्रामाणिक कामे आहेत.

उपदेशक बंधूंनो व बायबलबाईंनो, हे वचन आपल्यासाठीही आहे. शब्बाथशाळेस कोणी मिळत नाही म्हणून जो रिकामा असेल त्याच्या हाती आपण मुले देतो. वर्षातून एकदा तरी दुसऱ्याचा वर्ग मागे बसून पाहा, आणि तुमचा त्यास पाहू द्या. दोष दिसला तर देवळाच्या पायरीवर सांगू नका. घरी न्या, चहा द्या, मग सांगा.

आणि मंडळीच्या वडीलजनांनो, आपल्या गावच्या शाळेत नवा शिक्षक किंवा शिकाऊ शिक्षक आला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्यास राहावयास खोली आहे काय, जेवणाची सोय आहे काय, हे विचारा. हालेच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांस आधी जेवू घातले. प्रभूनेही पेत्रास आधी जेवू घातले.

प्रार्थना : हे प्रभू, थोर गुरू, तू आम्हांस तोलितोस तेव्हा आम्ही उणे भरतो हे आम्ही जाणतो. तरी तू आम्हांस टाकीत नाहीस. एकांतात नेऊन शिकवितोस आणि पुन्हा पाठवितोस. जे शिकविण्यास शिकत आहेत त्यांस धीर दे. जे त्यांस पारखितात त्यांस खरा काटा व मऊ हात दे. आणि आमच्या पाड्यापाड्यांवरील कोकरांपैकी एकासही, शिक्षकाच्या घाईमुळे, मान खाली घालून बसावे लागू देऊ नको. आमेन.